लायसन्स आलं, आता गाडी शिका

ट्रकमालक म्हणतो, ड्रायव्हर मिळत नाही. गावाकडचा पोरगा म्हणतो, लायसन्स काढून कितीतरी महिने झाले, कुणी गाडीवर बसवत नाही.

दोघंही खरं बोलतात.

मालकाला ड्रायव्हर हवाय. पोराकडे कार्ड आहे. या दोहोंमधलं अंतर कापायची सोय आपण धड कुठेच केलेली नाही. आरटीओ म्हणतं, आमचं काम परीक्षा घेणं. ड्रायव्हिंग स्कूल म्हणतं, आमचं काम परीक्षेपर्यंत पोचवणं. मालक म्हणतो, मला तयार माणूस पाठवा. मग तयार करणार कोण? खंबाटकी घाट?

आधी कागदांचं उरकून घेऊ. फसवणूक तिथूनच सुरू होते.

मालवाहू गाडीचं लायसन्स वयाच्या विसाव्या वर्षाआधी मिळत नाही. अठराव्या वर्षी मिळतं ते कारचं. ते हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय ट्रकचं शिकाऊ लायसन्सही निघत नाही. सोबत डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५. नियम एवढाच आहे. 'महिन्याभरात डायरेक्ट हेवी काढून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. ते कार्ड पोलिसाच्या मशीनमध्ये क्षणात उघडं पडतं. केस मात्र तुमच्या नावावर वर्षानुवर्षं चालते.

आठवी पासचा दाखला? ती अट २०१९ मध्येच गेली. आजही तिच्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला, तर तो तुम्हाला काय समजतो ते कळलं.

बॅज? तो प्रवासी वाहनाच्या ड्रायव्हरला लागतो. सिमेंटच्या गोण्या बॅज बघत नाहीत.

सरकारी फी शिकाऊ लायसन्सला १५० रुपये, चाचणीला ३००, लायसन्सला २००. एजंट हजारांत बोलतो. वरचे हजार कशाचे? बहुतेक वेळा चाचणी टाळण्याचे. ज्या चाचणीत नापास व्हायला हवं होतं, ती पैसे देऊन टाळायची आणि मग पंचवीस टन माल घेऊन कसारा घाटात उतरायचं. तिथे कुठला एजंट भेटणार आहे?

छोट्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की, साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. निकाल चांगला आहे, हजारो टेम्पोवाल्यांची धास्ती गेली. पण साडेसात हजार म्हणजे गाडी आणि माल मिळून. आरसी बुकात लिहिलेलं एकूण वजन वाचा. 'छोटीच गाडी आहे, चालतंय' असं सांगणारा मालक अपघातानंतर विमा कंपनीसमोर तुमची बाजू मांडायला येत नाही.

आता त्या कार्डाकडे नीट बघा. त्यावर 'ट्रान्सपोर्ट' असं लिहिलेलं असतं. १९९४ सालापर्यंत कायद्यात मध्यम आणि अवजड असे वेगळे वर्ग होते. दुरुस्ती झाली, सगळे एका नावाखाली गेले. म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या सहाचाकीवर, मोकळ्या मैदानात, रिकाम्या हौद्यानं चाचणी द्या. कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही ट्रेलरलाही पात्र. या देशात ट्रेलरचं मालासकट वजन ५५ टनांपर्यंत चालतं.

रिकाम्या गाडीवर पास, भरल्या गाडीवर नोकरी.

यात पोराचा दोष काय? काहीही नाही. ज्यांनी हे असं बांधलं, त्यांच्या घरातलं कुणी त्या कॅबिनमध्ये बसत नाही, एवढंच दिसतं.

मग शिकायचं कुठे? जागा आहेत, कमी आहेत, पण आहेत. पुण्यात नाशिक फाट्याजवळ भोसरीला सीआयआरटी आहे, १९६७ पासूनची रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था. तिथे ड्रायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. २०२१ पासून सरकारनं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियमही केलेत. अवजड वाहनासाठी ३८ तास, सहा आठवड्यांत. तिथे सिम्युलेटर पाहिजे, ट्रॅक पाहिजे, दोन एकर जागा पाहिजे. तिथून पास झालात तर आरटीओची चाचणी वेगळी द्यावी लागत नाही.

आता शेजारच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलशी ताडून बघा. तिथे ३८ तास तर सोडा, ट्रक आहे का? फळ्यावर 'हेवी' लिहिलेलं असतं. गाडी 'उद्या येईल' अशी असते. फॉर्म ५ मात्र आजच मिळतो. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. भरलेल्या गाडीवर शिकवणार का? घाटात नेणार का? अरुंद फाटकातून रिव्हर्स घ्यायला लावणार का? तिन्हींना नकार आला, तर तुम्ही एका सहीचे पैसे देताय.

खरी शाळा अजूनही कॅबिनमध्येच भरते. डावीकडच्या सीटवर क्लीनर, उजवीकडे उस्ताद. दोन-तीन वर्षं टायर ठोकायचे, ताडपत्री बांधायची, रस्सा आवळायचा, मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडायचं, मग एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणतो, बस. माल कसा सरकतो, टायर तापला की वास कसा येतो, इंजिनाचा आवाज बदलला म्हणजे काय, हे कुठल्याही ट्रॅकवर शिकवत नाहीत. मला कुणी विचारलं, तर वर्षभर क्लीनरकी करून ज्यानं हात बसवला, त्याच्या गाडीत मी निर्धास्त झोपेन.

आणि मालकांनी नेमका कुणाचा पगार वाचवला? क्लीनरचा.

गाडीवर एकटा ड्रायव्हर. तोच चालवणार, तोच ताडपत्री बांधणार, तोच डाव्या बाजूचा आंधळा कोपरा सांभाळणार, तोच रात्री डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून जागणार. पुढच्या पिढीचा ड्रायव्हर ज्या सीटवर तयार व्हायचा, ती सीट रिकामी ठेवायची आणि संघटनेच्या बैठकीत टंचाईवर भाषण करायचं. क्लीनर ठेवला नाही, तर ड्रायव्हर उगवणार कुठून?

उस्तादाकडून सगळंच घ्यायचं नाही, हेही सांगायला हवं. गाडी बंद पडली की मागे दगड मांडायचे आणि दुरुस्ती झाली की दगड तिथेच सोडून निघून जायचं, हे उस्तादच शिकवतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रात्री ते दगड दिसत नाहीत. परावर्तक त्रिकोण गाडीत ठेवा, किंमत किरकोळ आहे. दगड ठेवावेच लागले, तर जाताना उचला.

आणि दुसरी शिकवण, जिने सगळ्यात जास्त माणसं खाल्ली: उताराला न्यूट्रल.

पुण्यात नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता नवले पुलापर्यंत उतरतच जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एक ट्रक समोरच्या गाड्या चेपत गेला. पहिली बातमी नेहमीची, 'ब्रेक फेल'. पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आलं ते वेगळंच: उताराला इंजिन बंद केलं होतं. डिझेल वाचावं म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात पुन्हा एक कंटेनर गाड्यांवर गेला आणि माणसं जळून मेली.

म्हणून हे सावकाश वाचा. गिअरमध्ये असलेलं इंजिन उताराला गाडी धरून ठेवतं. न्यूट्रल केली की ती धर सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. पाय पुरता खाली जातो आणि गाडी तशीच पळते. त्यात इंजिनच बंद केलं असेल, तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबलेला असतो. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा घटते. वरून पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. ज्याला 'ब्रेक फेल' म्हणतात, तो बहुतेक वेळा आपल्याच हातानं फेल केलेला असतो.

आणि वाचतं किती डिझेल? नव्या गाड्यांत उताराला गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे उस्ताद ज्यासाठी जीव टांगणीला लावतो, ते त्याला मिळतही नाही.

जो गिअर टाकून चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. घाटाच्या तोंडाशी थांबा, हवेचा काटा बघा, एक्झॉस्ट ब्रेक लावा, मग निघा. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

दोषी एकटा ड्रायव्हर नाही, हेही इथेच बोलू. कित्येक मालक ॲव्हरेज ठरवून देतात. किलोमीटरला इतकंच डिझेल. वर गेलं तर पगारातून कापणार. मग पोरगा उतार दिसला की न्यूट्रलला हात घालणार नाही, तर काय करेल? ॲव्हरेजची अट घालणाऱ्या मालकाचा त्या अपघातातला वाटा कुठल्या पंचनाम्यात येतो?

आता नोकरी.

चाकण, कळंबोली, भिवंडी, न्हावा शेवा, नागपूरजवळची वाडी, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी. गाड्यांना तोटा नाही. मोठ्या ताफ्याच्या कंपन्या स्वतः चाचणी घेतात, काही दिवस जाणत्या ड्रायव्हरसोबत पाठवतात, जीपीएसवर वेग बघतात. पोरांना त्याचा जाच वाटतो. हुंडेकऱ्याच्या ओळखीनं दोन गाड्यांचा मालक गाठला, तर चार पैसे जास्त मिळतात आणि कुणी काही विचारत नाही. नव्या पोराला माझं सांगणं एकच: पहिली दोन वर्षं जिथे विचारतात, तिथे काढा.

एक नोकरी मात्र कितीही पैसे दिले तरी धरू नका. वाळूचा हायवा. रात्रीचं काम, खेपेला रोख पैसे, नंबरप्लेटवर चिखल. आपल्याकडे नदीकाठच्या गावांत पोरं याच गाडीवर अवजड वाहन शिकतात. महसूलच्या पथकानं पकडलं की पळून जातो तो मालक, सापडतो तो ड्रायव्हर. चोरीचा गुन्हा नोंदतो तोही त्याच्यावर. विशीतल्या पोराच्या नावावर गुन्हा लागला, की चारित्र्य पडताळणी मागणारी प्रत्येक कंपनी त्याला बंद. आणि वाळू कुणाच्या बंगल्याला गेली, ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक असतं.

गाडीवर चढण्याआधी मालकाला काय विचाराल? पगार किती, ते सगळे विचारतात. पुढचं कुणी विचारत नाही. खुराकी वेगळी की पगारातच? माल कमी भरला तर तूट कुणाच्या अंगावर? विमा पॉलिसीत ड्रायव्हर-क्लीनरची जबाबदारी घेतलेली आहे का? ई-वे बिल संपून गाडी अडकली, तर त्या दिवसांचा भत्ता कोण देणार? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. ती तारीख वाचायला शिका. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली, तर दंडाचा वाद व्यापारी आणि मालक करतात. हायवेच्या कडेला गाडीखाली झोपतो ड्रायव्हर.

ही उत्तरं मोबाइलवर मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी ठरलेलं हिशेबाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

मूळ लायसन्स मालकाकडे 'जमा' ठेवू नका. उचल घेतली म्हणून ठेवून घेतात, सोडून जाऊ नये म्हणून ठेवून घेतात. मोठी उचल तर घेऊच नका. ऊसतोड मजुराला उचल कुठे नेते, ते बीड-नगरच्या पोरांना मी सांगायची गरज नाही.

ओव्हरलोड. 'सगळेच भरतात' हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकाल. कायद्यातला दंड २०,००० रुपये, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. तो मालक भरेल, समजा. पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना बजावलंय की, मालवाहू गाडीत जास्त भार असेल तर ड्रायव्हरचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. जास्तीच्या टनांचं भाडं मालकाच्या खात्यात, तीन महिन्यांची बेकारी तुमच्या घरात. मग वजनकाट्याची पावती मागायला लाज कसली?

झोपेचं काय? १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं सांगितलं: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. हे लिहिणाऱ्यांना ट्रक माहीत होता. पाळणाऱ्यांना ड्रायव्हर माणूस आहे हे माहीत नाही. पाचपेक्षा कमी कामगारांच्या मालकाला तर तो कायदाही लागू नव्हता, आणि आपल्याकडे दोन-चार गाड्यांचे मालक पावलोपावली.

मालक म्हणेल, सकाळी सहाला माल पोचला पाहिजे. तुम्ही म्हणा, दुसरा ड्रायव्हर द्या. नाही म्हणाला, तर पहाटे दोन ते पाच गाडी बाजूला घ्या, हायवेच्या कडेला नव्हे, ढाब्यावर किंवा पंपावर, आणि झोपा. उशीर झाला म्हणून नोकरी गेली, तर दुसरी मिळेल. टंचाई आहे ना ड्रायव्हरची?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या कॅबिनला एसी सक्तीचा झालाय. विदर्भात मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून ज्यांनी चालवलं, त्यांना हे किती उशिरा आलं ते विचारा. काही मालक म्हणतात, एसीनं झोप येते. झोप येते ती झोपू न दिल्यानं.

रसायनाचा किंवा इंधनाचा टँकर चालवायचा असेल, तर वेगळं प्रशिक्षण लागतं, तीन दिवसांचं, आणि लायसन्सवर तशी नोंद. इथे मात्र लिहितावाचता यावं लागतं, एक भारतीय भाषा आणि इंग्रजीही. टँकरच्या पाठीवरच्या फलकात आत काय आहे आणि गळती झाली तर काय करायचं, ते लिहिलेलं असतं. ते वाचता येत नसेल, तर त्या टँकरवर चढू नका.

पोरींनी यावं का? नंदुरबारच्या योगिता रघुवंशी कायद्याची पदवी घेऊन वर्षानुवर्षं देशभर ट्रक चालवत आल्या. एसटीत बायका ड्रायव्हर म्हणून रुजू झाल्या. प्रश्न त्यांच्या हातांचा कधीच नव्हता. शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात एक स्वच्छ, उजेडातलं, कडी लागणारं स्वच्छतागृह दाखवा, मग बोलू.

आखातात जायचंय? जा. पण एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. त्याला सेवाशुल्क घ्यायची मर्यादा ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, इतकीच आहे. लाख-दीड लाख मागणाऱ्याला पावती मागून बघा. तिथेच विषय संपतो.

आणि ज्यावर कुणी बोलत नाही ते. अपघात.

जानेवारी २०२४ मधला ड्रायव्हरांचा संप आठवतो? पंपांवर रांगा लागल्या, मनमाडजवळ पानेवाडीत टँकर उभे राहिले. कारण होतं भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चं दुसरं पोटकलम: माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. ड्रायव्हर लोक म्हणत होते, थांबलो तर जमाव मारून टाकतो. खोटं बोलत होते का? हायवेच्या गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

पण जुना मोटार वाहन कायदा हे मान्य करतो, हे किती ड्रायव्हरांना कुणी सांगितलं? कलम १३४. जखमीला दवाखान्यात न्या, त्याला मदत मिळवून द्या. जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल, तर ती अडचण कायद्यातच लिहिलेली आहे. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. जीव वाचवायला तिथून निघालात, तर गाडी थेट ठाण्याच्या दारात नेऊन उभी करा. निघता निघताच ११२ ला फोन लावा. त्या कॉलची नोंद राहते, आणि पळालेला माणूस आणि कळवायला गेलेला माणूस यांच्यातला फरक कोर्टात ती नोंद दाखवते.

हे कलम एकाही फॉर्म ५ सोबत शिकवत नाहीत. कॅबिनमध्ये काचेवर चिकटवा.

एक शेवटचं. ट्रकचं लायसन्स पाच वर्षांचं असतं, टँकरच्या नोंदीचं तीन. मुदत संपल्यावर पूर्वी महिनाभराची सवलत मिळायची. २०१९ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. संपलेल्या तारखेनंतरच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला, तर तुम्ही विनालायसन्स. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो, तोही घरबसल्या सारथी पोर्टलवर. खिशातलं कार्ड काढा आणि तारीख बघा.